‘इतर सामाजिक विषय’ : सुमित्रा भावे यांच्या चित्रपटांकडे पुन्हा पाहताना

राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांच्या यादीत सुमित्रा भावे यांचे नाव शोधत गेले, की एक गंमत लक्षात येते. ‘बाई’ (१९८५) आणि ‘पाणी’ (१९८७) या लघुपटांना पुरस्कार मिळाले ते कुटुंबकल्याण या गटात. ‘दोघी’ (१९९५) हा मराठीतला एक महत्त्वाचा चित्रपट; त्याला पुरस्कार मिळाला ‘इतर सामाजिक विषयांवरील सर्वोत्कृष्ट चित्रपट’ म्हणून. ‘देवराई’ (२००४) ही स्किझोफ्रेनिया झालेल्या तरुणाची आणि त्याच्या बहिणीची गोष्ट आहे. तिला पर्यावरण संवर्धनाच्या गटात बसवण्यात आले.

पुरस्कार देणाऱ्यांनी अन्याय केला, असे मला म्हणायचे नाही. पुरस्कार मिळाले म्हणून तर हे चित्रपट आपल्यापर्यंत आले. पण कोणत्या फळीवर ठेवले, यावर वस्तू कशी वापरली जाणार हे ठरते. या फळीवर ठेवलेले चित्रपट शाळेत, दवाखान्यात, महिला मंडळात, जागतिक अमुक दिनाच्या निमित्ताने दाखवले जातात. त्यांना ‘चांगले’, ‘उपयुक्त’, ‘प्रबोधनपर’ म्हटले जाते. कलाकृती म्हणून त्यांच्याशी कोणी भांडत नाही आणि भांडण नसले की समीक्षाही नसते. १९ एप्रिल २०२१ रोजी पुण्यात भावे यांचे निधन झाले. त्यानंतरच्या श्रद्धांजलीपर लेखांतही बहुतेक ठिकाणी विषयांची यादीच होती : स्किझोफ्रेनिया, कोड, स्मृतिभ्रंश, नैराश्य, माहितीचा अधिकार. ही यादी बाजूला ठेवून त्या चित्रपटांमध्ये आणखी काय आहे, हे पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

मी चित्रपटशास्त्राचा विद्यार्थी नाही आणि समाजशास्त्राचाही नाही. श्रीरामपूरसारख्या ऊस आणि बाजारपेठेवर चालणाऱ्या गावात राहून जे मिळेल ते पाहिले आणि वाचले, तेवढीच माझी तयारी. भावे यांच्याकडे ओढला गेलो त्याचे एक कारण हेही असेल, की त्यांनीही चित्रपटाचे शिक्षण कुठल्या संस्थेत घेतले नव्हते.

बेचाळिसाव्या वर्षी कॅमेरा

भावे यांचा जन्म १२ जानेवारी १९४३चा, पुण्यातला. फर्ग्युसन महाविद्यालय, मग पुणे विद्यापीठातून राज्यशास्त्र आणि समाजशास्त्र, पुढे मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत ग्रामीण कल्याणाचा अभ्यास, असा त्यांचा शिक्षणाचा प्रवास. पुण्याच्या कर्वे समाजसेवा संस्थेत त्यांनी सुमारे दहा वर्षे अध्यापन केले. आकाशवाणीवर मराठी बातम्याही दिल्या. चाळिशी उलटेपर्यंत त्यांच्या आयुष्यात चित्रपट हा व्यवसाय म्हणून कुठेच नव्हता.

ऐंशीच्या दशकात त्या ‘स्त्रीवाणी’ या संशोधन प्रकल्पात होत्या. वस्तीतल्या बायका स्वतःकडे कशा पाहतात, हा त्या संशोधनाचा विषय होता. त्या मुलाखतींतून पुढे आठ दलित स्त्रियांची आत्मकथने पुस्तकरूपाने आली. गेल ऑम्वेट यांनी इंग्रजीत अनुवाद केलेले ते ‘पॅन ऑन फायर’ १९८८ साली प्रसिद्ध झाले. पण त्याआधीच भावे यांच्यापुढे एक साधा प्रश्न उभा राहिला होता. ज्या बायकांनी तासन्‌तास बसून आपले आयुष्य सांगितले, त्यांना हे संशोधन वाचता येणार नव्हते. त्यांच्याकडून घेतलेले त्यांना परत कसे द्यायचे? या प्रश्नाचे उत्तर म्हणून ‘बाई’ हा लघुपट झाला. त्या वेळी त्या बेचाळीस वर्षांच्या होत्या.

मराठीशी नाते असलेल्या दोन ज्येष्ठ दिग्दर्शिका त्याच सुमारास काम करत होत्या. सई परांजपे यांचा ‘स्पर्श’ १९८०चा, विजया मेहता यांचा ‘रावसाहेब’ १९८५चा. दोघीही रंगभूमीवर घडलेल्या होत्या. संवाद, प्रवेश, नटाची जागा यांची जाण त्यांच्याकडे आधीपासून होती. भावे यांच्याकडे त्यातले काही नव्हते. त्यांच्याकडे होती ती मुलाखत घेण्याची सवय. प्रश्न कसा विचारायचा, बाई गप्प झाली तर किती वेळ गप्प बसायचे, ती विषय सोडून दुसरेच बोलायला लागली तर तेच कसे महत्त्वाचे असते, हे त्या क्षेत्रातल्या कामातून शिकल्या होत्या. माझ्या मते त्यांच्या पुढच्या सगळ्या चित्रपटांचा पाया पटकथेच्या तंत्रात नसून या सवयीत आहे.

‘बाई’पासूनच सुनील सुकथनकर त्यांच्याबरोबर होते. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये दिग्दर्शन शिकलेला हा तरुण आधी सहायक म्हणून आला आणि पुढे सहदिग्दर्शक झाला. दोघांनी मिळून डझनभराहून अधिक पूर्ण लांबीचे चित्रपट आणि अनेक लघुपट केले. लेखन बहुतेक भावे यांचे, गीते सुकथनकरांची. त्यामुळे या लेखात मी ‘भावे यांचा चित्रपट’ म्हणतो तेव्हा तो दोघांचा आहे, हे गृहीत धरावे.

विचारणे आणि ऐकणे

‘दोघी’ची गोष्ट अनेकांना ठाऊक असेल. लग्नाच्या दिवशीच नवऱ्याकडच्या मंडळींना अपघात होतो. गौरी पांढऱ्या पायाची ठरते. वडील अंथरुणाला खिळतात, घरावर दारिद्र्य येते आणि मामा तिला मुंबईला नेतो. तिथून ती वेश्याव्यवसायात जाते. तिच्या पैशावर घर चालते. धाकट्या कृष्णाच्या लग्नासाठी ती परत येते, तेव्हा आईला तिचे पैसे चालतात, पण ती स्वतः चालत नाही.

हा विषय हिंदी-मराठीत कितीतरी वेळा येऊन गेला होता. त्यात पतित स्त्रीचे अश्रू आणि समाजाचा ढोंगीपणा हा ठरलेला ठेका असतो. भावे तो ठेका धरत नाहीत. उत्तरा बावकर यांनी केलेली आई दुष्ट नाही. तिला सगळे माहीत आहे आणि माहीत असल्याचे ती बोलू शकत नाही, एवढेच. सदाशिव अमरापूरकर हे आमच्या नगरचे. हिंदीत त्यांना खलनायकाचा शिक्का बसला होता. इथला त्यांचा मामाही पडद्यावर येताच ओळखू यावा असा राक्षस नाही. तो गरजेच्या वेळी धावून आलेला नातेवाईक आहे. यामुळे चित्रपटाचा रोख ‘दोषी कोण’ यावरून हलतो आणि ‘या घरात कोण कोणाला काय विचारत नाही’ यावर स्थिरावतो. गौरीला काय झाले, हे विचारण्याचे धाडस फक्त कृष्णाकडे आहे. चित्रपटाचे नाव ‘दोघी’ आहे ते त्यामुळे. एक जण सांगणारी आणि एक जण ऐकणारी.

ही जोडी पुढे वेगवेगळ्या रूपांत येत राहते. ‘दहावी फ’मध्ये (२००२) ‘ढ’ तुकडीतली मुले प्रयोगशाळेची मोडतोड करतात. अतुल कुलकर्णी यांनी केलेला शिक्षक त्यांना शिक्षा देऊन मोकळा होत नाही. ती नासधूस का झाली हे तो ऐकून घेतो आणि नुकसान मुलांनी स्वतः कमावून भरून द्यावे, या वाटेवर त्यांना नेतो. ‘वास्तुपुरुष’मध्ये (२००२) वाडा खचत चालला आहे, काका गुप्तधनासाठी जमीन खणतो आहे आणि आई मुलाला डॉक्टर करू पाहते आहे. ज्यांच्या कष्टावर हा वाडा उभा राहिला त्यांचे देणे फेडायचे आहे, हे त्या घरात तिला एकटीला ऐकू आलेले असते. ‘देवराई’तली सीना आपल्या भावाच्या भ्रमातल्या जंगलाला खोटे म्हणत नाही, ती ते समजून घ्यायला धडपडते.

या प्रत्येक चित्रपटात प्रश्न आहे, पण तो सुटत नाही. शेष बरा होऊन नोकरीला लागत नाही. आजार राहतो आणि आजारी माणसाला घरात जागा मिळते. विषयपट म्हणून पाहिले तर हा शेवट अपुरा वाटेल. ऐकणाऱ्याची गोष्ट म्हणून पाहिले तर तो पुरेसा आहे.

न विचारणे

भावे यांचे खरे मोठेपण मला त्यांच्या उत्तरार्धात दिसते आणि त्याबद्दल फारसे लिहिले गेलेले नाही. प्रश्न विचारण्यापासून सुरुवात केलेली ही संशोधक शेवटी प्रश्न न विचारणाऱ्या माणसांपाशी येऊन थांबली.

‘अस्तु’मध्ये (२०१३) डॉ. मोहन आगाशे यांनी संस्कृतच्या एका मोठ्या पंडिताची भूमिका केली आहे. चक्रपाणी शास्त्रींची स्मृती विरत चालली आहे. मुलगी त्यांना गाडीत बसवून दुकानात जाते, तेवढ्यात रस्त्याने हत्ती जातो आणि शास्त्री त्याच्या मागे चालू लागतात. इकडे मुलगी शहरभर शोधते, पोलिसांच्या प्रश्नांना उत्तरे देते. नाव काय, वय काय, अंगावर कपडे कोणते. तिकडे माहुताची बायको चन्नम्मा त्यांना लहान मुलासारखे सांभाळते. ती कन्नड बोलणारी, हे मराठी-संस्कृतातले. तिला त्यांचे नाव, पद, विद्वत्ता काहीही माहीत नाही. ते भुकेले आहेत एवढेच तिला कळते.

या चित्रपटासाठी भावे यांना संवादलेखनाचा आणि अमृता सुभाष यांना साहाय्यक अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. यात एक सुंदर विरोधाभास आहे. संवादांसाठी गौरवलेल्या या चित्रपटाचा गाभा अशा दोन माणसांत आहे, ज्यांना एकमेकांची भाषा कळत नाही. ज्या पंडिताचे सारे आयुष्य शब्दांत गेले, त्याला शब्द सोडून जात असताना सांभाळते ती शब्दांवाचून.

‘कासव’मध्ये हीच गोष्ट आणखी पुढे जाते. ६४व्या राष्ट्रीय पुरस्कारांत हा सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला. ‘श्यामची आई’, ‘श्वास’, ‘देऊळ’ आणि ‘कोर्ट’नंतर सुवर्णकमळ मिळवणारा तो पाचवा मराठी चित्रपट. इथे मात्र ‘इतर सामाजिक विषय’ ही फळी मागे पडली. आत्महत्येचा प्रयत्न करून पळालेला एक तरुण तापाने फणफणलेल्या अवस्थेत जानकीला रस्त्यात सापडतो. ती स्वतः नैराश्यातून बाहेर येते आहे. ती त्याला कोकणातल्या घरी आणते आणि त्याला काहीच विचारत नाही. तू कोण, कुठला, हे असे का केलेस, यांतले काहीही नाही. तो उद्धट वागतो, दार लावून बसतो. ताट त्याच्या दारापाशी येत राहते.

किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांच्या संवर्धनाचे काम चालू आहे. मादी वाळूत अंडी घालते आणि समुद्रात निघून जाते. माणसे करतात ते एवढेच, की त्या अंड्यांभोवती राखण ठेवतात. पिल्ले बाहेर आली की त्यांना उचलून पाण्यात टाकायचे नसते. ती स्वतःच्या पायांनी समुद्राकडे जातात. ही प्रतिमा चित्रपटात जरा जास्तच स्पष्ट करून सांगितली आहे, हे मान्य. पण ती नुसती सजावट नाही. राखण करायची आणि हात लावायचा नाही, हे जानकीच्या वागण्याचेच वर्णन आहे. ज्या बाईने संशोधनासाठी शेकडो प्रश्न विचारले असतील, तिला तीस वर्षांनी उमगलेली ही गोष्ट आहे : दुःखात असलेल्या माणसाला प्रश्न हाही एक भार असतो.

विषयाचे पैसे आणि विषयाची किंमत

‘स्वतंत्र दिग्दर्शक’ हा शब्द आपण सैलपणे वापरतो. व्यावसायिक निर्मात्यापासून स्वतंत्र, एवढाच त्याचा अर्थ होतो. पैसा कुठून तरी यावाच लागतो. ‘देवराई’मागे स्किझोफ्रेनियाविषयी काम करणारे कॅनडास्थित डॉ. जगन्नाथ वाणी यांचा पुढाकार होता. कोडाविषयीचा ‘नितळ’ (२००६) हा त्या प्रश्नावर काम करणाऱ्यांच्या पाठबळावर उभा राहिला. ‘अस्तु’ चित्रपटगृहांत यायला २०१६ उजाडले आणि त्यासाठी लोकवर्गणी करावी लागली. डॉ. आगाशे हे चित्रपट घेऊन गावोगावी गेले, प्रेक्षकांशी बोलले.

म्हणजे पैसा विषयापोटी आला. बाजारापासून स्वतंत्र असलेला हा सिनेमा विषयापासून स्वतंत्र होता का, हा मला कळीचा प्रश्न वाटतो. याचे उत्तर चित्रपटागणिक बदलते. ‘देवराई’ आणि ‘नितळ’मध्ये काही जागी डॉक्टर किंवा जाणकार पात्र आजाराची माहिती देऊ लागते आणि गोष्ट उभी राहून वाट पाहते. विषयाचे देणे तिथे रोखीने फेडले आहे. ‘एक कप च्या’मध्ये (२००९) किशोर कदम यांचा एसटी कंडक्टर अवाच्या सवा आलेल्या वीजबिलाशी माहितीच्या अधिकाराने झुंजतो. कोकणातले ते घर, त्यातली माणसे जिवंत आहेत, पण कायद्याचा धडा पुरा करण्याची घाईही आहे. ‘हा भारत माझा’ तर २०११च्या आंदोलनाच्या भरात बेतलेला. राळेगणसिद्धी आमच्याच जिल्ह्यातले. त्या उन्हाळ्या-पावसाळ्यात इथल्या चौकाचौकांत काय वातावरण होते आणि पुढच्या चार-पाच वर्षांत ते कसे विरले, हे आम्ही जवळून पाहिले आहे. त्यामुळे त्या चित्रपटातला विश्वास आज पाहताना अवघडल्यासारखे होते. जिथे विषय जिंकतो, तिथे चित्रपट त्या विषयाबरोबर जुना होतो.

‘अस्तु’ आणि ‘कासव’मध्ये तसे होत नाही. विषयासाठी आलेली मदत स्वीकारून विषयाच्या बाहेर पडण्याची वाट तिथे सापडली आहे. स्मृतिभ्रंशाची लक्षणे कळावीत म्हणून कोणी ‘अस्तु’ पाहायला बसला, तरी उठताना तो वेगळेच काही घेऊन उठतो.

चन्नम्माचे पुढे काय झाले?

काही वर्षांपूर्वी आम्ही चार मित्रांनी श्रीरामपुरात एका लहान सभागृहात ‘अस्तु’ दाखवला. तीस-पस्तीस लोक होते. नंतरच्या चर्चेत आजाराबद्दल बोलणे होईल, अशी आमची तयारी होती. एक निवृत्त शिक्षिका उठल्या आणि त्यांनी विचारले, “शास्त्री घरी गेले, छान झालं. पण त्या चन्नम्माचं पुढे काय झालं?”

या प्रश्नाने मला बराच काळ सोडले नाही, कारण भावे यांच्या कामाची खरी मर्यादा त्यात आहे. त्यांची सुरुवात आठ दलित स्त्रियांच्या बोलण्यातून झाली. पुढे मात्र त्यांच्या चित्रपटांचे घर बहुतांशी पांढरपेशे, शिकलेले, पुस्तकांनी भरलेले झाले. ‘वास्तुपुरुष’चा वाडा, ‘संहिता’तले (२०१३) राजघराणे आणि चित्रपटवाले, ‘अस्तु’तले पंडिताचे कुटुंब. कष्टकरी माणूस या घरांच्या दाराशी येतो. तो देतो, सांभाळतो, शिकवून जातो आणि कॅमेरा पुन्हा घरात येतो. चन्नम्मा ही चित्रपटातली सर्वांत मोठी व्यक्तिरेखा आहे, पण तिला भूतकाळ आणि भविष्यकाळ दिलेला नाही. तिने सांभाळले म्हणून मुलीला काही उमगले, हे तिचे काम.

‘बाई’ करणाऱ्या दिग्दर्शिकेकडून हे व्हावे, याचे वाईट वाटते. पण हेही लक्षात घेतले पाहिजे, की हा प्रश्न श्रीरामपुरातल्या एका प्रेक्षकाला सुचला तो चित्रपटाने चन्नम्माला तेवढे खरे केले होते म्हणूनच. चित्रपटातल्या उणिवेवर बोट ठेवायलाही चित्रपटानेच शिकवले.

दिठी

शेवटचा ‘दिठी’ भावे यांनी एकटीच्या नावाने दिग्दर्शित केला. दि. बा. मोकाशी यांच्या कथेवरचा हा चित्रपट प्रेक्षकांपर्यंत पोचला तो मे २०२१मध्ये, त्यांच्या निधनानंतर महिन्याभराने. मला तो वरच्या आक्षेपाला दिलेले उत्तर वाटतो. इथे पांढरपेशे घर नाही. रामजी हा गावातला लोहार, वारकरी. तरुण मुलगा पुरात गेला आहे आणि इतक्या वर्षांची भक्ती त्याच्या कामी येत नाही. विठ्ठलाला विचारावे असे प्रश्न त्याच्यापाशी आहेत, पण उत्तर कुठूनच येत नाही. पावसाच्या रात्री शेजारची गाय अडते. ती सोडवण्याचे कसब रामजीच्या हातात आहे. तो उठून जातो.

‘दिठी’ हा शब्द ज्ञानेश्वरीतला. ती जिथे लिहिली गेली ते नेवासे आमच्याकडून फार लांब नाही. श्रीरामपूर तालुक्यातून जाणारी प्रवरा पुढे तिथेच पोचते. या भागात वारकरी घरांतली अनेक माणसे मी पाहिली आहेत. त्यांना ओव्या पाठ असतात आणि दुःखाच्या वेळी त्या ओव्या मुक्या होतात, हेही पाहिले आहे. चित्रपटात पोथी ऐकणाऱ्या मंडळींचे शब्द रामजीपर्यंत पोचत नाहीत. त्याला जे दिसायचे ते अंधारात, वासरू चाचपणाऱ्या हातांना दिसते. त्याला कोणी समजावत नाही, कोणी बरे करत नाही. त्याच्या हातांना काम मिळते. आणि या वेळी कॅमेरा कष्टकऱ्याच्या दारातून परत फिरत नाही, तिथेच थांबतो.

‘बाई’, ‘दोघी’, ‘देवराई’, ‘अस्तु’, ‘कासव’, ‘दिठी’ हे सहा चित्रपट याच क्रमाने पाहिले, तर एका संशोधक बाईचा छत्तीस वर्षांचा विचार डोळ्यांपुढून जातो. आधी विचारायला शिकणे, मग ऐकायला आणि शेवटी काही न विचारता जवळ बसायला. मराठीच्या विद्यार्थ्यांना आपण आत्मचरित्रे लावतो, कथासंग्रह लावतो. हे सहा चित्रपट एकत्र, नीट प्रतींत, चांगल्या आवाजासह महाविद्यालयांना आणि गावांतल्या वाचनालयांना मिळावेत, एवढी सोय अजून झालेली नाही. ती व्हावी आणि ते कोणत्याही दिनाचे औचित्य न साधता दाखवावेत. चर्चेसाठी डॉक्टरांना बोलावले नाही तरी चालेल.